लागू असल्यास भरावे

उजवा गुडघा दुखतो ही गोष्ट रकानेसाहेबांनी तीन आठवडे कोणाला सांगितली नाही, आणि सांगितली तीही लेखी. डॉक्टरांना दाखवायच्या कागदावर त्यांनी वर 'विषय: उजवा गुडघा' असं लिहिलं, त्याखाली 'संदर्भ: डावा गुडघा, जो ठीक आहे' असं लिहिलं आणि मग मुद्दे क्रमवार मांडले. बायकोने तो कागद शेवटपर्यंत वाचला.

"खाली 'आपला विश्वासू' नाही लिहिलंत?"

"पक्क्या प्रतीत येईल," साहेब म्हणाले. "हा मसुदा आहे."

रकानेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे, पण खरं आडनाव आता इमारतीत कोणाला आठवत नव्हतं. पाणीपुरवठा खात्याच्या बिल शाखेत हेडक्लार्क म्हणून अख्खी हयात घालवलेला माणूस. निवृत्तीला चार वर्षं झाली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो? इमारतीत कोणाचाही अर्ज असो, शाळाप्रवेशाचा, वीजजोडणीचा, मांजर हरवल्याचा, तो जिने चढून तिसऱ्या मजल्यावर यायचा आणि साहेब तो भरून द्यायचे. फुकट. अट एकच, रकाना रिकामा सोडायचा नाही. "रिकामा रकाना म्हणजे उघडं दार," ते म्हणायचे. "कोण कधी आत शिरेल, सांगता येत नाही." मांजरवाल्या अर्जात 'धर्मादाय संस्थेशी संबंध' असा एक रकाना होता. तोही त्यांनी 'मांजराचा तूर्त नाही' असं लिहून भरला होता.

इमारतीला मजले तीन, पायऱ्या त्रेसष्ट आणि लिफ्ट नाही. डॉक्टरांचा दवाखाना बरोबर समोर, रस्ता ओलांडला की आलाच. साहेबांच्या गॅलरीतून डॉक्टरांच्या टेबलावरचा चहाचा कपसुद्धा दिसायचा. पण गुडघ्याने संप पुकारल्यावर समोरचा दवाखानाही परदेशात गेल्यासारखा झाला. आणि नेमकी त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली की सार्वजनिक आरोग्य विमा योजनेत यापुढे फोनवरून, म्हणजे फोनच्या पडद्यावर समोरासमोर, डॉक्टरांचा सल्ला घेतला तरी त्याची फी योजनेतून परत मिळेल. साहेबांनी बातमी कापली, वहीत चिकटवली आणि खाली तारीख घातली.

"अहो, समोर तर आहेत डॉक्टर," बायको म्हणाली. "गॅलरीतून हाक मारली तर वर येतील बिचारे."

"हाकेची पावती मिळत नाही," साहेब म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण सगळं घोडं पुढे तिथेच अडलं. साहेबांच्या बायकोला गेले काही दिवस उठता-बसता चक्कर यायची. खुर्चीतून उठली की भिंतीला हात लावून क्षणभर उभी राहायची. साहेबांच्या ते लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्यांनी चौकशी केली, ती म्हणाली, "उठताना जरा फिरल्यासारखं होतं," आणि साहेबांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. त्यांचा गंभीर विचार म्हणजे काय, तर क्रम लावणे.

"आपण असं करू," ते म्हणाले. "आधी माझ्या गुडघ्याचं बिल पास करून घेऊ. एकदा पायंडा पडला की तुझी चक्कर त्याच वाटेने बिनबोभाट नेऊ. योजना नवी आहे. अर्धवट माहितीवर तुला दाखवलं आणि बिल अडकलं तर?"

"बरं," बायको म्हणाली.

पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बरं'चे निदान सात प्रकार तयार झाले होते. हा त्यांतला कुठला, हे साहेबांनी तपासलं नाही. बिल शाखेत असा हलगर्जीपणा त्यांनी कधी खपवून घेतला नसता.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केला, आणि बायकोला मागे उभं केलं, साक्षीदार म्हणून. पहिली पाच मिनिटं डॉक्टरांना साहेबांच्या घराचं छत दिसत होतं. "काका, पंखा छान आहे, पण गुडघा दाखवा," डॉक्टर म्हणाले. मग गुडघा दाखवायला साहेब खुर्चीवर उभे राहायला निघाले, तेव्हा बायकोने डबाच खाली ठेवला. गंमत अशी की गॅलरीचं दार उघडं होतं आणि समोर खरे डॉक्टरही दिसत होते. खऱ्या डॉक्टरांनी कान खाजवला की दोन सेकंदांनी फोनमधले डॉक्टर कान खाजवायचे. साहेब एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. त्यामुळे डॉक्टरांनी गुडघ्याबरोबर त्यांच्या मानेचीही चौकशी केली.

निदान साधं होतं. झीज आहे, सूज आहे, गोळ्या घ्या, आणि तीन आठवडे जिना चढायचा-उतरायचा नाही. "अजिबात नाही," डॉक्टरांनी बजावलं. "नाहीतर पुढे कापाकापी करावी लागेल."

"प्रश्नच नाही," साहेब म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज आणायला त्रेसष्ट पायऱ्या उतरून विमा कार्यालयात गेले.

अर्ज तेवीस रकान्यांचा होता. साहेबांचं मन भरून आलं. त्यांनी एक अर्ज स्वतःसाठी घेतला आणि एक तळमजल्यावरच्या टेलरसाठी. टेलरचीही पाठ धरली होती आणि त्यानेही दुकान बंद नको म्हणून समोरच्याच डॉक्टरांना फोनवर दाखवलं होतं. टेलरने अर्ज मशीनवर ठेवला, एका बाहीला टीप मारता मारता चार रकाने भरले, सही केली आणि घडी घातली.

"अहो, बाकीचे?" साहेब जवळजवळ ओरडले.

"मला कळलं नाही ते मी सोडलं, साहेब. तिथे लिहिलंय ना, लागू असल्यास भरावे."

"हा अर्ज परत येणार," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तसलं काहीतरी होतं.

स्वतःचा अर्ज भरताना ते अकराव्या रकान्यापाशी आले. 'रुग्ण व डॉक्टर यांमधील अंतर, लागू असल्यास.' साधा माणूस इथे रेघ मारून पुढे गेला असता. पण अंतर आहे, म्हणजे लागू आहे, आणि लागू आहे म्हणजे अचूक हवं. रविवारी सकाळी त्यांनी टेलरला त्याच्या टेपसकट रस्त्यावर उतरवलं. टेप दीड मीटरची, रस्ता रुंद. टेलर खडूने खूण करी, टेप पुढे सरकवी, साहेब गॅलरीतून आकडे लिहून घेत. दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले, तिसरीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, "रस्त्याला शर्ट शिवताय का?" अंतर भरलं बावीस मीटर, चाळीस सेंटिमीटर. तेच साहेबांनी अकराव्या रकान्यात अक्षरी आणि अंकी लिहिलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा साहेब फार खूश होते.

नवव्या दिवशी टेलरचा अर्ज मंजूर झाला. साहेबांचा परत आला.

टेलर पत्र घेऊन वर आला तेव्हा त्याचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता. "साहेब, चुकून झालं असेल," तो म्हणाला. साहेबांनी त्याचं अभिनंदन केलं, त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर बोटांवर रकाने मोजले. चार रकाने. त्यांतल्या एकात त्याने जन्मतारखेच्या जागी सहीची तारीख घातली होती, हे साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कागदोपत्री तो टेलर नऊ दिवसांचा होता आणि तरी त्याची पाठ मंजूर झाली होती.

साहेबांच्या पत्रात आक्षेप एकच होता. 'रुग्ण तपासणीच्या वेळी हजर असल्याचा पुरावा जोडावा.'

"म्हणजे काय?" बायको म्हणाली. "तुम्ही नव्हतात तर गुडघा कोणी दाखवला?"

"बरोबर आहे त्यांचं," साहेब म्हणाले. स्वतःवर कुऱ्हाड पडत असतानाही कुऱ्हाडीची धार तपासण्याचा त्यांचा स्वभाव होता. त्यांनी बायकोची 'मी तिथे उभी होते' अशी लेखी साक्ष घेतली, साखरेच्या डब्याचा फोटो जोडला आणि त्रेसष्ट पायऱ्या उतरून अर्ज दिला.

बारा दिवसांनी दुसरा आक्षेप. 'रुग्ण डॉक्टरांकडे प्रत्यक्ष गेला नव्हता असा डॉक्टरांचा दाखला, रुग्णासमक्ष सही केलेला, जोडावा.'

हा त्यांनी तीनदा वाचला. मग काठी घेतली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टरांनी त्यांना बघून कपाळाला हात लावला.

"काका, तुम्ही आलात कशाला? जिना उतरू नका म्हटलं होतं ना मी?"

"मी आलो नव्हतो, असं तुमच्याकडून लिहून हवंय."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत डोळे घालून 'सदर रुग्ण दवाखान्यात आलेला नाही' असा दाखला लिहून दिला. सही करताना त्यांनी विचारलं, "काकू कशा आहेत?" साहेब म्हणाले, "तिची फाइल यानंतर." डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण साहेब दाखल्यावरचा शिक्का वाळतोय का ते बघत होते.

एका वेळी एकच आक्षेप का काढतात, सगळे एकदम का सांगत नाहीत, असं बायकोने विचारलं तेव्हा मात्र साहेबांना जरा अवघडल्यासारखं झालं. कारण ही पद्धत त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. बिल शाखेत त्यांनी स्वतः नव्या कारकुनांना शिकवली होती. सगळे आक्षेप एकदम सांगितले की माणूस ते एकदम पूर्ण करून आणतो, मग पुढच्या आठवड्यात शाखेने करायचं काय? खात्यातले ठेकेदार त्यांच्या टेबलासमोर उभे राहून घाम पुसायचे, तेव्हा त्यांना वाटायचं, माणसं उगाच घाई करतात. आता दाखला घेऊन विमा कार्यालयाच्या रांगेत काठीवर उभं राहून स्वतःचा घाम पुसताना त्यांना त्यातल्या एकदोघांचे चेहरेही आठवले. पण क्षणभरच, कारण खिडकी उघडली.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आठ किलोमीटरच्या आत असाल तर फोनवरच्या तपासणीची फी मिळत नाही. दूरच्या रुग्णांसाठी आहे ती. नाहीतर योजनेच्या मान्य ठिकाणी बसून तपासून घ्यायचं."

"पण आमच्या टेलरची पाठ तुम्ही पास केलीत! तो तर माझ्याही खाली राहतो!"

"त्यांनी अंतर लिहिलं नव्हतं. कोणीच लिहीत नाही, म्हणून आम्ही विचारत नाही. तुम्ही लिहिलंत, काका." बाईंचा आवाज मऊ होता आणि तेच जास्त लागत होतं. "लिहिलेलं मला न वाचल्यासारखं करता येत नाही ना."

साहेबांनी कागद उचलले. इतकं निर्दोष उत्तर उभ्या नोकरीत त्यांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा बायको गॅलरीत फोनवर बोलत होती. त्यांना पाहून तिने "बरं, ठेवते" म्हटलं. चेहरा टवटवीत होता. गेले काही दिवस ती भिंतीलाही हात लावत नव्हती, हे साहेबांना समाधानाने आठवलं. "बघ," ते खुर्चीत बसत म्हणाले, "थांबलो म्हणून काही बिघडलं का? घाई केली की असं होतं." आणि गुडघ्यावर ठेवायला त्यांनी तिच्याकडे बर्फ मागितला. तिने दिला.

आठ किलोमीटरची बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांना पूर आला. औषधाच्या दुकानदाराने सुचवलं की अर्जच हरवा. तो हरवण्यात वाकबगार होता, पण साहेबांना ते पटेना. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त विज्ञान शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते मात्र कागद-पेन घेऊनच आले.

"साहेब, अंतर म्हणजे नुसतं आडवं नसतं," मास्तर म्हणाले. "उभं कुठे गेलं? त्रेसष्ट पायऱ्या! पायरी चढायला सपाट चालण्याच्या कितीतरी पट शक्ती लागते. वर तुमचा गुडघा. दुखऱ्या गुडघ्याला दर पायरीला अंतर वाढतं. हे विज्ञान आहे."

"किती वाढतं?"

मास्तरांनी चष्मा वर केला. "किती हवंय?"

दोघांनी दुपारभर बसून गणित मांडलं. टेलरला परत बोलावून प्रत्येक पायरीची उंची घेतली, कारण मास्तरांच्या मते सरासरीवर विसंबणं हा आळस होता. पायऱ्यांची उंची, साहेबांचं वजन, काठीचं वजन, आणि शेवटी मास्तरांनी 'वेदना-गुणक' नावाचं एक अक्षर घातलं, ज्याची किंमत त्यांनी साहेबांचा गुडघा दाबून ठरवली. साहेब केवढ्याने ओरडले ते ऐकून त्यांनी ती दुप्पट केली. अंतर निघालं आठ किलोमीटर दोनशे मीटर. साहेबांनी सुवाच्य अक्षरात चार पानी टिपण केलं. बायको आतून म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

उत्तर आलं. 'पायऱ्या अंतर या सदरात मोडत नाहीत. वेदना-गुणकास आधार काय, हे समजून घेण्यासाठी सुनावणीस समक्ष हजर राहावे.'

समक्ष! साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सुनावणी म्हणजे वरिष्ठ अधिकारी, टेबल, पाण्याचा ग्लास, आणि आपलं म्हणणं मांडायची संधी. त्यांनी फाइल बांधली. बारा कागदांना अनुक्रमणिका केली. सुनावणीच्या सकाळी नेमकी तीच सापडेना. घर उलथंपालथं झालं, बायको पलंगाखाली, साहेब कपाटावर, आणि शेवटी ती त्यांच्याच खिशात निघाली तेव्हा दहाच्या सुनावणीला वीस मिनिटं उरली होती.

"मी येते," बायको म्हणाली. "एका हातात काठी, दुसऱ्या हाताने फाइल धराल की कठडा?"

विमा कार्यालयात सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टवर 'बंद' अशी पाटी होती. पाटीवर धूळ बसली होती, त्यावरून पाटी नवी नसावी. साहेब काठीवर, बायको फाइलवर, असे दोघं चढले. मधल्या वळणावर ती थांबली. साहेबांना वाटलं आपल्यासाठीच थांबली, आणि त्यांना बरं वाटलं.

अधिकारीबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी दोघांना आत बोलावलं, बायकोला भिंतीजवळच्या बाकावर बसायला सांगितलं आणि साहेबांना म्हणाल्या, "काका, बसा ना तुम्हीही."

"उभ्यानेच मांडतो," साहेब म्हणाले. बिल शाखेत वरिष्ठांसमोर कोणी बसत नसे.

आणि त्यांनी मांडायला सुरुवात केली. रकाना म्हणजे काय इथपासून. 'लागू असल्यास' या शब्दांची जबाबदारी अर्जदारावर असते की अर्ज छापणाऱ्यावर, यावर ते बोलले. अंतर मोजण्याची टेलरची पद्धत त्यांनी हातवारे करून दाखवली. मास्तरांचं गणित फळ्याशिवाय समजावणं अवघड होतं, म्हणून काठीने जमिनीवर पायऱ्या काढल्या. अधिकारीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. खरं तर इतकं लक्ष देऊन साहेबांचं म्हणणं चार वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. ते वेदना-गुणकापाशी पोचले, गळा साफ केला आणि म्हणाले, "आता मुख्य मुद्दा असा की..."

"काका," अधिकारीबाई त्यांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "काकूंना बरं वाटत नाहीये."

साहेबांनी वळून पाहिलं. बायको बाकावर डोळे मिटून बसली होती, डोकं भिंतीला टेकलेलं, चेहरा कागदासारखा पांढरा. फाइल तिच्या मांडीवरून हळूहळू घसरत होती आणि ती तिला धरत नव्हती.

तीन पावलांचं अंतर होतं. गुडघा, काठी, कशाचीही आठवण न ठेवता साहेब तिथे पोचले. फाइल सुटली, बारा कागद जमिनीवर पसरले आणि एकावर त्यांचा पाय पडला. "अगं, काय होतंय? ऐकू येतंय ना? अगं!" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. अधिकारीबाईंनी पाणी आणलं, तिचे पाय बाकावर घेतले आणि नाडी धरली. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि समोरच्या डॉक्टरांना लावला. कुठला रकाना, कुठलं मान्य ठिकाण, काही सुचलं नाही. पडद्यावर डॉक्टर आले.

"डॉक्टर, हिला बघा! चक्कर आलीये, डोळे उघडत नाहीये, मी... मी हिला कधी दाखवलंच नाही तुम्हाला, सगळी माझी चूक..."

"काका, फोन काकूंकडे करा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "काकू, सकाळची गोळी घेतली का?"

बायकोने एक डोळा उघडला. "घाईत राहिली."

"नाश्ता?"

"तोही."

"पर्समध्ये दुसरी पट्टी ठेवायला सांगितली होती ना मागच्या वेळी?"

"आहे."

"मग आधी काहीतरी खा, मग ती घ्या आणि अर्धा तास उठू नका. नाडी कोणी बघतंय का? छान. घाबरण्यासारखं काही नाही, काका. प्रेशरचं आहे. गेल्या महिन्यापासून बरंच आटोक्यात आलंय."

साहेब फोन हातात धरून उभे होते. अधिकारीबाईंनी आपल्या डब्यातून बिस्किटं काढली. बायकोने दोन खाल्ली, पर्सच्या आतल्या कप्प्यातून गोळी काढून घेतली आणि हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला.

"मागच्या वेळी?" साहेब म्हणाले. "मागची वेळ कधी झाली?"

"तीन वेळा झालं," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही अर्ज आणायला आलात त्याच दिवशी. तुम्ही इकडे यायचात ना, तेव्हा घर शांत असायचं. मग मी डॉक्टरांना फोन लावायची."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, काका," फोनमधून आवाज आला.

"पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्ज भरला असतात."

साहेबांना लाज वाटली, साधी, उघडी लाज. ठेकेदारांना ताटकळत ठेवलं तेव्हाही वाटली नव्हती अशी. घरातल्या माणसाला दोन महिने रांगेत उभं केलं होतं आपण, आणि ती आपली मागच्या दाराने जाऊन बरी होऊन आली. नाहीतर आज काय झालं असतं? ते तिच्याजवळ बाकावर बसले, वरिष्ठांसमोर, आणि तिचा हात हातात घेतला. तो गार होता. तिने तो काढून घेतला नाही.

अधिकारीबाईंनी जमिनीवरचे कागद गोळा केले. "काका, सुनावणी पुढे चालू करायची का? मुख्य मुद्दा राहिलाय तुमचा."

साहेबांनी कागदांकडे पाहिलं. वेदना-गुणकावर बुटाचा ठसा उमटला होता.

"राहू द्या," ते म्हणाले.

अधिकारीबाईंनी कागद बाजूला ठेवले. मग टेबलाच्या खणातून एक कोरा अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हे कार्यालय योजनेचं मान्य ठिकाण आहे. आत्ता झालेली काकूंची तपासणी पूर्ण नियमात बसते. मी स्वतः साक्षीदार आहे. भरा, आजच मंजूर करते. डॉक्टर, फोनवरच थांबा, तुमचा होकार लागेल."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. "भरू?"

"भरा," ती म्हणाली. "अर्धा तास मला उठायचं नाहीच आहे."

त्यांनी पेन काढलं. नाव लिहिलं. वय लिहिलं. "एक वर्ष जास्त लिहिलंत," ती म्हणाली, आणि त्यांनी ते दुरुस्त केलं. आजाराचं स्वरूप. पेन थांबलं. अख्ख्या इमारतीचे आजार, मीटर आणि मांजरं या हाताने कागदावर उतरवली होती, आणि हिला नेमकं काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, की उठताना डोळ्यांपुढे काळोख येतो, कानात वारं भरल्यासारखं होतं, पाय आपले नाहीत असं वाटतं. गोळी कुठली? तिने सांगितलं. केव्हा घेतेस? त्यांनी पेपर उघडला की, समोरच, रोज. ते लिहीत गेले, मान खाली घालून, एकेक विचारत. इतके प्रश्न त्यांनी तिला बऱ्याच वर्षांत विचारले नव्हते आणि ती सगळ्यांची उत्तरं देत होती, न चिडता, जणू कोणीतरी विचारायचीच वाट बघत होती.

"त्रास कधीपासून आहे?" त्यांनी वाचलं.

"तुम्ही रिटायर झाल्यापासून."

फोनमध्ये डॉक्टर खोकले. अधिकारीबाईंनी खणात काहीतरी शोधायला घेतलं. साहेब ती हसते का म्हणून वाट बघत राहिले. ती पर्सची चेन लावत होती.

मग ते पुन्हा अर्जावर वाकले आणि निवृत्तीची तारीख लिहिली. दिवस, महिना, वर्ष, पूर्ण, कुठेही खाडाखोड न करता.